सही कोणी करायची?

देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून 57 वर्षांच्या एका सासूबाईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: घरची आंब्याची बाग, मुलगा मुंबईला नोकरीला, सून गावी. तीन वर्षांपूर्वी सुनेचं पहिलं बाळंतपण झालं. आठव्या महिन्यात बीपी वाढलं, सिझर करावं लागलं. मुलगी कमी वजनाची झाली, पण आता ठणठणीत आहे. बाळंतीण घरी आल्यावर सहाव्या दिवशी तिला झटके आले. बाहेरचं काहीतरी असेल म्हणून नारळ ओवाळण्यात आणि अंगारा लावण्यात दोनेक तास गेले, मग गाडी करून नेलं. तिथे कमरेत दोन्ही बाजूंना मोठी इंजेक्शनं दिली आणि ती वाचली. आता तिला पुन्हा तिसरा महिना आहे, जूनमध्ये दिवस भरतात. डॉक्टरांनी रोज रात्री ॲस्पिरिनची गोळी सांगितली आहे. शेजारीण म्हणते, ती हृदयविकाराची गोळी, रक्त पातळ करते. शिवाय जिथे नाव घातलं त्या रुग्णालयात गरोदरपणातल्या बीपीवर एक अभ्यास चालू आहे. त्यात भाग घ्याल का असं विचारून सहीसाठी काही पानं दिली आहेत. सून तयार आहे. सासऱ्यांना देवाचा कौल घ्यायचा आहे. मुलगा फोनवर 'तुम्हीच ठरवा' म्हणतो. बाई विचारतात, "माझी चारही बाळंतपणं सुईणीच्या हातून घरीच झाली, मला काही झालं नाही. मग हिच्यावर हे प्रयोग कशाला? सही करू द्यायची का? आणि बाळंतपण कुठे करायचं? इथे, राजापूरला तिच्या माहेरी, की मुंबईला?"

ताई,

प्रश्न तुम्ही बरेच विचारलेत, पण पत्रातलं सगळ्यात जड वाक्य तुम्ही घाईने लिहून पुढे गेलात: दोनेक तास गेले. आधी त्याच्याबद्दल बोलू, कारण बाकीची उत्तरं तिथूनच निघतात.

सुनेला जे झालं त्याला डॉक्टर एक्लॅम्प्सिया म्हणतात. त्याच्या आधीची पायरी म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया. विसाव्या आठवड्यानंतर बीपी 140/90 किंवा त्याच्या वर जातं आणि बरेचदा लघवीतून प्रथिनं जायला लागतात. याचं मूळ वारेत, म्हणजे पोटात बाळाला पोसणाऱ्या अवयवात असतं. वार रुजत असताना गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या रुंद व्हायच्या असतात, त्या पुरेशा होत नाहीत. माडाच्या आळ्याकडे जाणारा पाट तोंडाशीच अरुंद राहावा, तसं. मग वारेतून काही द्रव्यं आईच्या रक्तात उतरतात आणि तिच्या अंगभरच्या रक्तवाहिन्या बिघडवतात. मूत्रपिंड, यकृत, मेंदू, सगळीकडे त्याचा परिणाम होतो. सुरुवात होते ती पहिल्या चार-पाच महिन्यांत, कुणाला काही कळायच्या आत. ग्रहणात बाहेर पडल्याने, पपई खाल्ल्याने किंवा तिन्हीसांजेला विहिरीवर गेल्याने हा आजार होत नाही. तुमच्या सुनेने काही वावगं केलं नव्हतं आणि तुम्हीही तिच्या खाण्यापिण्यात काही कमी केलं नव्हतंत.

वार पडली की संकट टळलं असं आपण धरून चालतो, आणि इथेच बहुतेक घरं बेसावध राहतात. बाळंतपणानंतर साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी पुन्हा चढतं. झटके बाळंतपणाआधी येतात तसे नंतरही येतात. आणि नेमके हेच दिवस आपल्याकडे सुवेराचे. बाळंतीण आतल्या खोलीत, शेक-शेगडी, धुरी, बाहेरच्यांनी शिवायचं नाही. डोकं दुखतंय म्हणाली तर वारं लागलं असेल म्हणून आपण कानाला फडकं बांधतो. त्या दिवशी तुमच्या घरी जे झालं ते कोकणातल्या कितीतरी घरांत असंच झालं असतं. तरी ते दोन तास गेले हे खरं आहे. 'तुमचा काही दोष नाही' एवढं म्हणून मी त्यावर पांघरूण घालणार नाही, कारण या जूनमध्ये ते पुन्हा जाता कामा नयेत.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक बायकांनी 1994 मध्ये बाळंतपणातल्या मृत्यूंचा विचार करून तीन विलंब मांडले. पहिला, घरात निर्णय व्हायला लागलेला वेळ. दुसरा, रुग्णालयापर्यंत पोचायला लागलेला वेळ. तिसरा, तिथे पोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागलेला वेळ. तेव्हापासून जगभर आईच्या मृत्यूची चौकशी याच तीन अंगांनी होत आली आहे. रस्ता आणि डॉक्टर आपल्या हातात नसतात. पहिला विलंब मात्र पूर्णपणे घराच्या हातात असतो, आणि घरात तो तुमच्या हातात आहे.

आता 'माझ्या वेळी काही झालं नाही' याबद्दल. तुमची चारही बाळंतपणं सुखरूप झाली याचा मला आनंद आहे. पण आपण अनुभव ऐकतो तो वाचलेल्या बायकांकडून. ज्या गेल्या त्यांची नावं घरात सहसा निघत नाहीत. तुमच्या वाडीतल्या जुन्या माणसांना जरा विचारून बघा, दुसरेपणावर आलेल्या बायका किती होत्या आणि पहिलीला काय झालं होतं. महाराष्ट्रात 2001-03 च्या सुमाराला दर एक लाख जिवंत जन्मांमागे 149 आया दगावत होत्या. 2018-20 मध्ये तो आकडा 33 वर आला. याच काळात देशाचा आकडा 301 वरून 97 वर उतरला. बायकांची शरीरं वीस वर्षांत बदलली नाहीत. रुग्णालयातली बाळंतपणं वाढली, रक्त मिळू लागलं, गाड्या आल्या आणि कुठल्या वेळी कुठलं औषध द्यायचं हे कळलं.

हे कळलं कसं? इथे तुमच्या 'प्रयोग' या शब्दाकडे येते. तुम्ही ज्या दोन मोठ्या इंजेक्शनांबद्दल लिहिलंत, ती बहुधा मॅग्नेशियम सल्फेटची होती. झटक्यांवर हे औषध पूर्वीपासून माहीत होतं, पण ते बरं की दुसरी औषधं बरी यावर डॉक्टरांत एकमत नव्हतं. 1995 मध्ये एक मोठा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. झटके आलेल्या 1,687 बायका त्यात होत्या, भारतातल्याही होत्या. मॅग्नेशियम दिलेल्यांना पुन्हा झटके येण्याचं प्रमाण डायझेपामच्या मानाने निम्म्यावर आलं आणि फेनिटॉइनच्या मानाने त्याहूनही खाली. मग 2002 मध्ये 33 देशांतल्या दहा हजारांहून अधिक बायकांवर आणखी एक अभ्यास झाला, त्याचं नाव मॅग्पाय. प्रीएक्लॅम्प्सिया आहे पण झटके अजून आलेले नाहीत अशांना हे औषध आधीच दिलं तर झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे त्यातून सिद्ध झालं. ताई, त्या बायकांची नावं आपल्याला कधी कळणार नाहीत. आपापल्या संकटाच्या वेळी त्या या अभ्यासांत होत्या, म्हणून त्या दिवशी तुमच्या सुनेला कुठलं इंजेक्शन द्यायचं हे डॉक्टरांना ठाऊक होतं.

आणि हे सगळं परदेशातच घडतं असं नाही. घाट चढून गेलं की बेळगाव. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या लोकांनी आजूबाजूच्या खेड्यांत 1,620 बायकांवर केलेला अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ जन्मल्याबरोबर नर्सबाईंनी आईला मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, तर जादा रक्तस्राव होणाऱ्यांचं प्रमाण शंभरात 12 वरून सुमारे 6 वर आलं. म्हणजे घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या, तुमच्यासारख्याच बायकांसाठी झालेलं हे काम.

ॲस्पिरिनबद्दल शेजारणीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. हृदयविकाराला हीच गोळी देतात. पण गरोदरपणात ती कमी मात्रेत, वेगळ्या कामासाठी देतात: वारेच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा कल कमी करण्यासाठी. 2017 मध्ये लंडनच्या प्राध्यापक निकोलायडिस यांच्या गटाने धोका जास्त असलेल्या बायकांना रोज रात्री 150 मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली. सदतीस आठवड्यांआधी बाळंतपण करायला लावणारा प्रीएक्लॅम्प्सिया बिनऔषधाच्या गटात शंभरात 4.3 जणींना झाला, ॲस्पिरिनच्या गटात 1.6 जणींना. दिवस भरत आल्यावर होणारा आजार मात्र या गोळीने तितका टळत नाही, म्हणून गोळी चालू आहे या भरवशावर तपासणी चुकवायची नाही. वेळेचंही महत्त्व आहे. गोळी बाराव्या आठवड्याच्या सुमाराला, सोळाव्याच्या आत सुरू व्हावी लागते, कारण वार रुजण्याचं काम तेव्हाच चालू असतं. तुमच्या सुनेची वेळ आत्ता आहे. पोटात व्रण, दमा किंवा रक्तस्रावाचा आजार असेल तर डॉक्टरांना सांगावं. मात्रा किती आणि गोळी बंद कधी करायची हे त्यांनीच ठरवावं. शेजारणीच्या सांगण्यावरून बंद करू नका.

घाबरण्यापेक्षा हिशोब माहीत असलेला बरा. हा आजार एकदा झालेल्या बायकांत पुढच्या खेपेला साधारण सहाजणींत एकीला तो पुन्हा होतो. पहिलं बाळंतपण तुमच्या सुनेसारखं आठव्या महिन्यात करावं लागलं असेल तर तीन-चार जणींत एकीला. म्हणजे तरीही बहुतेकींना होत नाही.

आता सहीचं. तुमचा संशय मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्याकडे तो येण्यासारख्या गोष्टी घडल्या आहेत. 2009-10 मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस मुलींना देऊन एक प्रकल्प राबवला गेला. आंध्रात वसतिगृहांत राहणाऱ्या अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या प्रमुखांनी सह्या केल्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने 2013 मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. तिथे चुकलं काय, तर जिचं शरीर तिला आणि तिच्या घरच्यांना नीट न विचारता तिसऱ्यानेच हो म्हटलं. आता तुमच्या घराकडे बघा. सून सज्ञान आहे, तिने कागद वाचला आहे आणि ती हो म्हणते आहे. तिच्या वतीने सासू-सासऱ्यांनी आणि फोनवरच्या नवऱ्याने नाही म्हणायचं, हेही त्याच वाटेने जाणं झालं. 'सही करू द्यायची का' हा प्रश्नच मला खटकतो. सही तिची आहे. तिला पूर्ण माहिती मिळते आहे ना आणि कुणाच्या दबावाखाली ती हो किंवा नाही म्हणत नाही ना, एवढं बघणं तुमचं काम. दबाव रुग्णालयाचाही नको आणि घरचाही नको.

माहिती मिळवायला तुम्ही दोघी मिळून जा आणि मराठीत समजावून मागा. तो नियमाने मिळणारा हक्क आहे. पहिली गोष्ट विचारा: यात नुसतं बीपी, वजन, रक्त-लघवीचे नमुने घेऊन नोंदी ठेवणार आहात, की एखादं नवं औषधही देणार आहात? दोन्हींत फार फरक आहे. नोंदी ठेवणाऱ्या अभ्यासात जोखीम सहसा रक्त काढण्यापुरतीच असते, आणि उलट तपासण्या जास्त नेमाने होतात. औषधाची चाचणी असेल तर सरकारकडच्या नोंदणीचा क्रमांक विचारा. आपल्याकडे 2009 पासून अशा चाचण्यांची नोंद सार्वजनिक यादीत करावीच लागते. रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीने मंजुरी दिली आहे का, रक्ताचे नमुने किती वर्षं ठेवणार, काही अपाय झाला तर उपचार आणि भरपाई कोण देणार, रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा, हेही विचारा. मधेच बाहेर पडलं तर नेहमीच्या उपचारात काही कमी करता येत नाही, आणि ती सुरुवातीलाच नाही म्हणाली तरी नाही. हे कागदावर लिहिलेलं असायला हवं. नसेल, किंवा ही उत्तरं देताना समोरचं माणूस चिडत असेल, तर सुनेने सही न केलेलीच बरी, असं मीही म्हणेन.

गरोदर बायकांना अभ्यासातून दूर ठेवलं की काय होतं हे आपण करोनात पाहिलं. लसींच्या पहिल्या चाचण्यांत त्या नव्हत्या, म्हणून लस द्यावी की नाही याचं उत्तर द्यायला वेळ लागला. आपल्या देशात गरोदर बायकांना लस खुली झाली ती जुलै 2021 मध्ये, दुसरी लाट बहुतेक ओसरल्यावर.

सासरेबुवांना देवाकडे जाऊ द्या. गाऱ्हाणं घाला, तिला आणि बाळाला सुखरूप ठेव म्हणा, मीही तुमच्याबरोबर हात जोडते. पण गोळी घ्यायची का आणि दवाखान्यात कधी न्यायचं, हे कौलावर ठेवू नका. प्रसाद डावा पडला म्हणून एक आठवडा गेला तरी सोळावा आठवडा थांबून राहत नाही.

बाळंतपण कुठे, याला एकच एक उत्तर नाही, पण ठरवायचं कशावरून ते सांगते. गाव की शहर यापेक्षा जिथे न्याल तिथे रात्री दोन वाजताही सिझर होतं का, भूलतज्ज्ञ असतात का, रक्त मिळतं का आणि कमी दिवसांच्या बाळासाठी नवजात कक्ष आहे का, हे बघा. माहेरची ओढ मी समजू शकते. पण पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज होता, आणि हे तर दुसरं आहे. राजापूरच्या आतल्या गावातून रत्नागिरी गाठायला जो वेळ लागेल तोही मोजा. मुंबईला न्यायचं असेल तर सहाव्या महिन्याच्या आत न्या, तिथे नाव घाला, एकाच ठिकाणी तपासण्या होऊ द्या. बीपी वाढलेलं असताना आठव्या-नवव्या महिन्यात कोकण रेल्वेने निघायचं हे सगळ्यात वाईट. शिवाय मुंबईच्या खोलीत दिवसभर तिच्याजवळ कोण असेल?

मला विचाराल तर जिल्ह्यातच राहा, पण दिवस जूनमध्ये भरतात हे विसरू नका. पहिल्या पावसात झाडं पडतात, वीज जाते, मोबाइलची रेंज जाते, पाणंदीत चिखल होतो आणि घाटात दरड आली तर कोल्हापूरचा रस्ता बंद. म्हणून चौतिसाव्या आठवड्याच्या सुमाराला तिला कणकवली, कुडाळ किंवा ओरोसच्या बाजूला, रुग्णालयापासून थोड्या मिनिटांवर एखाद्या नातेवाइकाकडे किंवा भाड्याच्या खोलीत ठेवा. ओरोसला जिल्ह्याचं रुग्णालय आहे. त्यापुढे लागलंच तर आपल्याकडचे लोक गोव्याला बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जातात. कुठे पाठवणार हे डॉक्टरांना आजच विचारून ठेवा. 108 आणि 102 हे रुग्णवाहिकेचे नंबर भिंतीवर लिहा, पण गावातल्या एका गाडीवाल्यालाही सांगून ठेवा. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची तज्ज्ञांकडून तपासणी होते. आशाताईंना पहिल्या वेळचे झटके सांगा, म्हणजे तिचं नाव जोखमीच्या यादीत जाईल.

दंडावर बांधायचं बीपीचं यंत्र घ्या. ती बसलेली, पाठ टेकलेली, पाच मिनिटं शांत असताना मोजा आणि वहीत लिहा. 140/90 दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. 160/110 दिसलं तर फोन करत बसू नका, निघा. नुसतं यंत्र मात्र पुरेसं नाही. बेळगाव-बागलकोट, पाकिस्तानातला सिंध आणि मोझांबिक इथे आरोग्यसेविकांनी घरोघरी जाऊन बीपी मोजण्याचा एक मोठा अभ्यास झाला. 2020 मध्ये त्याचे निकाल आले, तेव्हा एकूण माता-बालमृत्यू आणि गुंतागुंतीत फरक पडलेला दिसला नाही. मोजल्यावर पुढची गाडी, बेड आणि औषध तयार असेल तरच मोजण्याला अर्थ. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, छातीखाली उजव्या बाजूला किंवा पोटाच्या खळगीत कळ, तोंडावर एकाएकी सूज, धाप, रक्तस्राव, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं एकही दिसलं तर यंत्र काहीही सांगो, न्यायचंच. जेवणातलं मीठ तोडून हा आजार टळत नाही, तिला अळणी जेवायला लावू नका. कॅल्शियमची गोळी मिळते ती घ्यावी, फक्त लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी नको.

बाळंतपणानंतरचा पहिला आठवडा तिला एकटी आतल्या खोलीत ठेवू नका. सुवेर पाळायचं असेल तर पाळा, पण बीपी रोज मोजा आणि सहा आठवडे लक्षणांवर नजर ठेवा. पुढेही दर वर्षी तिचं बीपी तपासून घ्या, हा आजार होऊन गेलेल्यांना नंतरच्या वयात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो.

तुमच्या मुलाला हे पत्र वाचून दाखवा. 'तुम्हीच ठरवा' हे त्याने बायकोला म्हणायला हवं, आणि मग ती ठरवील त्याच्या पाठीशी उभं राहायला हवं. चाकरमानी रजा गणपतीसाठी राखून ठेवतात, मला ठाऊक आहे. यंदा त्याला ती जूनसाठी राखायला सांगा. अर्ज आत्ताच घालू दे, बाळंतपणाच्या दिवसासाठी आणि त्यानंतरच्या आठवड्यासाठीही.